कल्याण बंदर आणि कोंकणांतील जुनी ख्रिस्तमंडळी

आपला धर्म या प्रांतीं फिरंग्यांच्या गलबतांतून आला, असें पुष्कळ लोक म्हणतात; आपल्यांपैकींही कित्येकांस तसेंच वाटतें. ज्युबिलीच्या या आनंदांत बुवापाड्याच्या वाचकांनीं शेजारच्या बंदराची साक्ष ऐकावी. अंबरनाथच्या शिवमंदिरालगत (इ. स. १०६०) वाहणारी वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. या नदीच्या खाडीनेंच कल्याणास दूरदेशींचीं तारवें येत.

पहिल्या शतकांतील एका ग्रीक वृत्तांतांत कल्याणचें नांव आहे. कान्हेरीच्या लेण्यांत तर कल्याणकर व्यापाऱ्यांनीं बौद्ध भिक्षूंस दिलेल्या दानांचे लेखच कोरलेले आहेत. पुढें सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो कीं, ‘कल्लियाना’ येथें ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणांतून नेमला जातो. हें ठिकाण कल्याणच, असें बहुतेक विद्वान मानतात. वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ सालीं, म्हणजे सुमारें साडेनऊशें वर्षांनंतर!

त्या मंडळीपासून आपली वंशावळ जोडणें मात्र खोटें ठरेल. तिची उपासना लातिन नव्हे, सुरयानी असावी. तरी तिच्या संप्रदायाचीं माणसें या खाडीवर दीर्घकाळ टिकलीं. १३२१ सालीं ठाण्यास जे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ते एका नेस्तोरी ख्रिस्ती घरींच उतरले होते. तेथें अशीं पंधरा घरें होतीं, असें ओडोरिक सांगतो.

१६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण घेतलें व तेथें जहाजें बांधविण्यास आरंभ केला. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. वसईच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस वळवून परत नेलें.