ज्या घोषणेने सत्ता दिली, तिनेच घेतली : पोर्फिरियो दियास

पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत मेक्सिकोच्या एका राष्ट्राध्यक्षाचे थडगे आहे. मृत्यूला शतक उलटले, तरी त्याच्या अस्थी मायदेशी न्याव्यात की नाही, यावर मेक्सिकोत एकमत झालेले नाही.

पोर्फिरियो दियास यांचा जन्म १८३० साली ओआहाका शहरात झाला. ५ मे १८६२ रोजी पुएब्ला येथे फ्रेंच फौजेला मागे रेटणाऱ्या सेनानींत ते होते. १८६७ साली तेच शहर त्यांनी जिंकून घेतले. येथवर वाद नाही.

१८७१ मध्ये बेनितो हुआरेस पुन्हा अध्यक्ष होताच दियास यांनी बंड केले. ते फसले. १८७६ मध्ये लेर्दो दे तेहादा यांच्याविरुद्ध त्यांनी पुन्हा शस्त्र उचलले आणि या वेळी सत्ता हाती आली. बंडाची घोषणा होती, ‘फेरनिवड नको’.

त्या घोषणेचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. १८७८ मध्ये लागोपाठ फेरनिवडीवर घटनात्मक बंदी आली आणि १८८० मध्ये दियास खरोखरच पायउतार झाले. खुर्चीवर बसले त्यांचे मित्र मानुएल गोन्सालेस. (त्यांच्या चापिंगो येथील जहागिरीवर क्रांतीनंतर कृषिविद्यालय आले, वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे तेथेच शिकवीत.) १८८४ मध्ये दियास परतले. १८८७ मध्ये लागोपाठ एकदा फेरनिवडीची मुभा मिळाली, १८९० मध्ये उरलीसुरली मर्यादाही गेली. बंदूक न चालवता, कायद्याच्या कलमांनीच घोषणा पुसली गेली.

या काळात देश बदलला, हे नाकारता येत नाही. १८७६ साली जेमतेम सहा-सातशे किलोमीटर असलेला लोहमार्ग १९१० पर्यंत एकोणीस हजारांच्या पुढे गेला. पण १८८३ च्या कायद्याने मोजणी कंपन्यांना मोजलेल्या जमिनीचा तिसरा हिस्सा मिळू लागला आणि गावेच्या गावे भूमिहीन झाली. बंड करणाऱ्या याकी लोकांना सोनोरातून उचलून युकातानच्या वाखाच्या मळ्यांवर धाडले गेले. जानेवारी १९०७ मध्ये रिओ ब्लांकोच्या गिरणी कामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या.

तथापि सारे खापर एकट्या दियास यांच्यावर फोडणे मला पटत नाही. सामुदायिक जमिनी मोडण्याचा कायदा १८५६ चा, म्हणजे हुआरेस यांच्याच उदारमतवादी पक्षाचा. त्या पक्षाचे पुतळे उभे राहिले. त्याच धोरणाची निर्दय अंमलबजावणी करणारा मात्र खलनायक ठरला.

१९०८ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स क्रीलमन यांना दियास म्हणाले की, देश लोकशाहीस तयार आहे, आपण पुन्हा उभे राहणार नाही. १९१० मध्ये ते उभे राहिलेच. प्रतिस्पर्धी फ्रान्सिस्को मादेरो मतदानापूर्वीच तुरुंगात गेले. मादेरोंची घोषणा? ‘प्रभावी मताधिकार, फेरनिवड नको’. उत्तरार्ध दियास यांचाच.

२५ मे १९११ रोजी राजीनामा देऊन दियास ‘इपिरांगा’ जहाजाने युरोपला गेले. २ जुलै १९१५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १९१७ च्या घटनेने अध्यक्षाच्या फेरनिवडीवर बंदी घातली. आल्वारो ओब्रेगोन यांनी ती सैल करवून १९२८ ची निवडणूक जिंकली. पद स्वीकारण्यापूर्वीच त्यांचा खून झाला. पुढे बंदी पुन्हा पक्की झाली, आणि मेक्सिकोच्या सरकारी पत्रांच्या अखेरीस, सहीच्या आधी, अनेक दशके हेच शब्द छापले जात राहिले : फेरनिवड नको.