आपल्या हाताचा घास

नांदेडला आमच्या गल्लीत माझा एक मावसभाऊ होता. जन्मापासून हातपाय ताठ, बोलणे तोंडातल्या तोंडात. खाला त्याला तीस वर्षांहून अधिक काळ भरवीत आली. लहानपणी शाळेत नेले तेव्हा गुरुजींनी दारातूनच परत पाठवले. पोरगा वेडा आहे म्हणाले. तो वेडा नव्हता. पाढे म्हणताना मी चुकलो की तो खाटेवर पडल्या पडल्या हसायचा. खाला गेली त्या रात्री रडारड ओसरल्यावर घरात पहिला प्रश्न निघाला, याला आता घास कोण देणार?

श्रोतेहो, आपल्याकडे हा प्रश्न आधी कोणी हाती घेतला ते शोधू गेलो तर सरकार नंतर दिसते. आधी दिसतात त्या आया. मुंबईच्या फातमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. किणींकडे गेल्या, उपचार पाहून पाहून स्वतः शिकल्या. मुलगी चालू लागली. एखादी तिथेच थांबली असती. बाईंनी १९४७ साली इतरांच्या मुलांसाठी मुंबईत पुनर्वसनाची संस्था काढली. हाजी अलीचे मुलांचे रुग्णालय त्याच संस्थेचे. आमचे नांदेड त्या वेळी निजामाच्या मुलखात होते, त्यामुळे मुंबई तशी परमुलखातलीच.

पण पोलिओ वेगळा आणि माझ्या भावाचे दुखणे वेगळे. पोलिओत स्नायू लुळे पडतात. सेरेब्रल पाल्सीत जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होते, आणि मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत धड पोहोचत नाही. बुद्धी अनेकदा शाबूत असते. जीभ साथ देत नाही म्हणून लोक वेडा ठरवतात. अशा मुलांना शिकवायची शाळा मिठू अलूर यांनी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत कुलाब्याला सुरू केली. विद्यार्थी तीन. त्याही आईच. त्यांची मुलगी मालिनी पुढे पदव्युत्तर शिकली आणि एका बोटाने टंकलेखन करून तिने आत्मचरित्र लिहिले.

शिक्षण म्हणजे पुस्तक, असे मी बी.ए. होईपर्यंत समजत होतो. या शाळांत पहिला धडा बसण्याचा असतो. खुर्ची अशी की तळवे जमिनीला टेकावेत आणि कंबर पट्ट्याने धरलेली असावी. अंग स्थिर झाले की हात मोकळा होतो. मग जाड मुठीचा चमचा, उंच काठाची ताटली, ती सरकू नये म्हणून खाली ओले फडके. अक्षर त्यानंतर. आईच्या मायेला हे सोसत नाही, कारण इथे मूल सांडत असताना हात आखडून बसावे लागते.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे मराठी आत्मकथन अनेकांनी वाचले असेल. मराठवाड्याला मात्र जाग यायला १९९३चा किल्लारीचा भूकंप व्हावा लागला. कालपर्यंत धडधाकट असलेली माणसे काठीवर आली, तेव्हा अपंगत्व हे कुणाच्या कर्माचे फळ नसते हे गावाला दिसले. १९९५च्या कायद्याने अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हक्क आला, पण शाळेच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. पुढे लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीचे ‘संवेदना’ केंद्र खास सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी उभे राहिले. माझ्या भावाचे शाळेचे वय तोवर कधीच उलटून गेले होते.

खालाच्या चाळिसाव्यानंतर लातूरकडच्या एक ताई घरी आल्या. अशा मुलांत काम केलेल्या. त्यांनी चमच्याच्या दांड्याला जुनी ओढणी गुंडाळली, भावाला भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून बसवले आणि आम्हाला मागे सरायला सांगितले. पहिल्या दिवशी निम्मी खिचडी सतरंजीवर सांडली. आपाला पाहवेना, ती उठून आत गेली. चार महिने हेच चालले. नंतर एकदा जेवताना त्याच्या तोंडाला लागलेले पुसायला मी हात पुढे केला, तर त्याने कोपराने तो बाजूला सारला.