उत्सर्जन नियंत्रण तंत्रज्ञान मानके (अमेरिका)

उत्सर्जन नियंत्रण तंत्रज्ञान मानके ही अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार वीजकेंद्रे, तेलशुद्धीकरण कारखाने, खाणी इत्यादी स्थिर स्रोतांना लागू होणारी बंधने आहेत. उपलब्ध तंत्रज्ञानाने उत्सर्जन किती कमी करता येते, त्यावरून ही बंधने ठरतात. खर्चाला किती महत्त्व द्यायचे, हा या मानकांमधील प्रमुख फरक आहे.

पार्श्वभूमी

१९७० च्या कायद्यानुसार पर्यावरण संरक्षण संस्था हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके ठरवते. १९७७ च्या दुरुस्तीने मोठ्या नव्या स्रोतांना, तसेच मोठे फेरबदल होणाऱ्या जुन्या स्रोतांना, बांधकामापूर्वी परवाना घेणे आवश्यक केले. राष्ट्रीय मानकांची पूर्तता प्रत्येक प्रदूषकासाठी स्वतंत्रपणे तपासली जाते. त्यामुळे एकाच कारखान्याच्या दोन प्रदूषकांना भिन्न मानके लागू होऊ शकतात.

प्रमुख मानके

- सर्वोत्तम उपलब्ध नियंत्रण तंत्रज्ञान : पूर्तता झालेल्या क्षेत्रांतील नव्या मोठ्या स्रोतांसाठी. ऊर्जा, पर्यावरण व खर्च यांचा विचार करून ते प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्रपणे ठरते.
- न्यूनतम साध्य उत्सर्जन दर : पूर्तता न झालेल्या क्षेत्रांतील नव्या मोठ्या स्रोतांसाठी. येथे खर्च ही सबब सहसा ग्राह्य धरली जात नाही. शिवाय नव्या उत्सर्जनाची भरपाई अन्य स्रोतांचे उत्सर्जन घटवून करावी लागते.
- वाजवी उपलब्ध नियंत्रण तंत्रज्ञान : पूर्तता न झालेल्या क्षेत्रांतील विद्यमान स्रोतांसाठी. तांत्रिक व आर्थिक व्यवहार्यता विचारात घेतली जाते.
- कमाल साध्य नियंत्रण तंत्रज्ञान : १९९० च्या दुरुस्तीने घातक वायुप्रदूषकांसाठी आणलेले मानक. वर्गात ३० वा अधिक विद्यमान स्रोत असल्यास सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या १२ टक्के स्रोतांची सरासरी ही त्यांच्यासाठी किमान पातळी ठरते. ही पातळी ठरवताना खर्च विचारात घेतला जात नाही.

निर्धारणाची पद्धत

सर्वोत्तम उपलब्ध तंत्रज्ञान ठरवताना बहुधा ‘वरून खाली’ ही पद्धत वापरतात. प्रथम सर्व पर्यायांची यादी केली जाते व तांत्रिकदृष्ट्या अशक्य पर्याय वगळले जातात. उरलेल्यांची परिणामकारकतेनुसार क्रमवारी लावून सर्वात प्रभावी पर्यायापासून तपासणी सुरू होते. तो नाकारायचा असल्यास त्याची कारणे नोंदवावी लागतात.

न्यायालयीन निर्णय

अलास्कातील रेड डॉग जस्तखाणीच्या नव्या डिझेल जनित्रासाठी नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे ९० टक्के घटवणारे निवडक उत्प्रेरकी क्षपण तंत्र उपलब्ध होते. तरीही राज्याने सुमारे ३० टक्के घट करणारे तंत्र मान्य केले. खर्चाविषयीचा हा निर्णय पुराव्याने सिद्ध होत नाही, असे सांगून पर्यावरण संरक्षण संस्थेने बांधकाम रोखले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी संस्थेची कारवाई वैध ठरवली. तंत्रज्ञान निवडण्याचा प्राथमिक अधिकार राज्याकडे असला तरी त्याची निवड अवाजवी असल्यास संस्था हस्तक्षेप करू शकते, हे या निर्णयाने स्पष्ट झाले.