‘मॅट्रिक’पुढील वाट : झाडीपट्टीतील शालेय वेळेबाहेरच्या अभ्यासाचा इतिहास

‘मॅट्रिक्युलेशन’ या शब्दाच्या मुळाशी ‘नामावली’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. विद्यापीठाच्या नामावलीत विद्यार्थ्याचे नाव दाखल करून घेण्यापूर्वी त्याची पात्रता पाहणारी जी परीक्षा, ती मॅट्रिक. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले व त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. कलकत्ता विद्यापीठाच्या कक्षेत याच परीक्षेस ‘एन्ट्रन्स’ म्हणत. दोन्ही नावांचा रोख आत जाण्याकडे आहे. मराठी समाजात मात्र हा शब्द रुळला तो जवळजवळ उलट अर्थाने. ‘मुलगा मॅट्रिक झाला’ या वाक्यात शिक्षण पुरे झाल्याची सूचना असते; आणि ‘नॉन-मॅट्रिक’ हीदेखील एक पात्रताच असल्याप्रमाणे तो शब्द अर्जांतून व लग्नाच्या बोलण्यांतून वावरत असे. प्रवेशाची परीक्षा समाप्तीची परीक्षा का झाली, या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात मिळणार नाही. ते शोधण्यास वैनगंगेच्या काठचा ब्रह्मपुरीभोवतालचा प्रदेश विशेष सोयीचा आहे. महाविद्यालयाचे दार तेथे दीर्घकाळ इतके दूर होते, की त्या दारापर्यंत पोहोचविणारी जी काही सामग्री असे, ती शाळेच्या घंटेबाहेरच उभी करावी लागली.

ब्रह्मपुरी हा जुन्या चांदा जिल्ह्याचा ईशान्येकडील भाग. चांद्याचे नामांतर १९६४ मध्ये चंद्रपूर असे झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. तेव्हापासून ब्रह्मपुरी दोन अरण्यजिल्ह्यांच्या सीमेवर आहे. नदीच्या पलीकडे वडसा, म्हणजे देसाईगंज. अलीकडे नागभीडचे जंक्शन. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये व मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले, पण नागपूरला स्वतःचे विद्यापीठ लाभले ते १९२३ मध्ये. तोपर्यंत तेथील महाविद्यालये प्रथम कलकत्त्याच्या व नंतर अलाहाबादच्या विद्यापीठाशी संलग्न होती. ब्रह्मपुरीच्या विद्यार्थ्यास नागपूर शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आलेली रेल्वे अरुंद रुळांची. नदीपलीकडील अरण्यात तर पावसाळ्याचे चार महिने गावे परस्परांनाच अंतरत.

अंतरापेक्षाही ऋतुमान अधिक आडवे येई. हा भाताचा मुलूख आहे. शाळा उघडते जूनमध्ये आणि जुलैत रोवणी लागते. बांधीत घरातील प्रत्येक हात लागतो, त्यात सातवी-आठवीतील मुलामुलींचे हात प्रथम. दिवाळीच्या पुढेमागे कापणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागतात, ती पहाटे वेचावी लागतात, आणि शालान्त परीक्षा येते ती याच सुमारास. मे महिन्यात तेंदूपाने. शिवाय भाऊबिजेपासून पुढे चालणारा दंडारीचा व नाटकांचा हंगाम आहेच. झाडीपट्टीची रंगभूमी रात्रभर जागते व विद्यार्थीही तिच्याबरोबर जागतात! या रंगभूमीस दोष देण्याचे काहीच कारण नाही. अनेक मुलांनी पाठांतराचे व स्पष्टोच्चाराचे पहिले धडे तेथेच घेतले असतील. सांगावयाचे ते इतकेच, की येथील विद्यार्थ्याला अभ्यासासाठी शाळेबाहेरचे तास आपोआप मिळत नसत. कोणीतरी ते राखून ठेवावे लागत.

असे तास राखण्याची महाराष्ट्रातील पहिली योजना म्हणजे रात्रशाळा. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये श्रमजीवी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा उघडली. तिचे उद्दिष्ट साक्षरतेचे होते, महाविद्यालयाचे नव्हे. तथापि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात जोतीरावांनी एक अतिशय दूरदर्शी मागणी केली: प्रवेश परीक्षेप्रमाणेच पदवीपरीक्षांसाठीही घरी राहून केलेला खाजगी अभ्यास विद्यापीठाने मान्य करावा. वर्गाबाहेरील अभ्यासाला विद्येच्या व्यवहारात प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, हा विचार येथे बहुधा प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडला गेला.

रात्रशाळेची मर्यादा उघड आहे. ती दोन तास देते. जेवण, दिवा व निवारा देत नाही. ही उणीव भरून काढली ती वसतिगृहाने. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन केले आणि पुढील काही वर्षांत जैन, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे निघाली. त्यांपैकीच एका वसतिगृहात राहून शिकलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले. सभेची स्थापना १९२४ ची. म्हणजे स्थापनेनंतरच्या पहिल्या कार्यांत वसतिगृहाचा समावेश होतो. ‘हितकारिणी’ हे नाव जबलपूरच्या १८६८ च्या सभेपासून मध्य भारतात परिचित होते, आणि ब्रह्मपुरीच्या नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयाच्या नावातही ते आढळते. संस्था एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, परंतु परोपकाराची ती भाषा एकाच काळातील आहे.

वसतिगृहाचे कार्य केवळ निवाऱ्याचे मानणे हा शिक्षणाच्या इतिहासलेखनातील एक रूढ संकोच आहे. वसतिगृहात संध्याकाळ ठरलेली असे. प्रार्थना, जेवण, सामुदायिक अभ्यास, दिवे मालविण्याची वेळ हा सारा क्रम घरी न मिळणाऱ्या तासांची हमी देई. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वरच्या वर्गातील विद्यार्थी. अर्ज कसा लिहावा, कोणता विषय घ्यावा, फी केव्हा भरावयाची, कॉलेजात प्राध्यापकांस काय म्हणावयाचे, ही माहिती ज्या घरात पूर्वी कोणी मॅट्रिक झालेले नाही त्या घरातून येणे शक्य नव्हते. ती वडील विद्यार्थ्याकडून धाकट्याकडे जात असे. आज ज्यास महाविद्यालयपूर्व मार्गदर्शन म्हणतात, ते वसतिगृहाच्या पंगतीत नाव न घेता चालत असे. भाऊरावांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेने त्यात आणखी एक भर घातली: शेतीचे श्रम हे अभ्यासाचे शत्रू न राहता फीचे साधन झाले. रोवणीच्या मुलखात या कल्पनेचे मोल निराळे सांगावयास नको.

शासनाची मदत मात्र प्रामुख्याने पैशाच्या रूपाने आली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली व काही वर्षांत ती आदिवासींनाही लागू झाली. १९५९ च्या सुमारास आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली. या दोन योजनांनी केलेले काम फार मोठे आहे. परंतु दोन्ही योजना मॅट्रिकच्या रेषेपाशी किंवा फीच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या रेषेपर्यंत येणारा रस्ता त्यांच्या कक्षेत नव्हता.

तो रस्ता पूर्व माध्यमिक वर्गांत सुरू होतो. १९५४-५५ पासून चालू असलेल्या शिष्यवृत्ती परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवीच्या वर्गांसाठी होत्या. पुढे २०१६-१७ पासून त्या पाचवी व आठवीस आल्या. या परीक्षांनी खेड्यापाड्यांत ‘ज्यादा तास’ नावाची संस्था निर्माण केली. शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यावर गुरुजी निवडक मुलांना घेऊन बसत, कित्येकदा विनामूल्य. मराठी माणसाच्या आठवणींत या तासांना फार मानाचे स्थान आहे, व ते योग्यही आहे. पण ‘निवडक’ हा शब्द येथे दृष्टीआड करता येत नाही. ज्यादा तास हुशार ठरलेल्यांना मिळत. ज्यांस त्यांची अधिक गरज होती ते तोपर्यंत गुरे घेऊन रानात गेलेले असत. १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेनेही वेचणीचेच काम केले. देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक १९८५-८६ मध्ये अमरावतीस निघाले. चंद्रपूर जिल्ह्याचे नवोदय ब्रह्मपुरीशेजारच्या नागभीड तालुक्यात तळोधी (बाळापूर) येथे, व गडचिरोलीचे घोट येथे आहे. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखणारी ही निवासी शाळा वसतिगृहाच्या कल्पनेचे शासकीय रूप होय. मात्र एका वर्गात मुले फार तर ऐंशी. यश कोणाचे मोजावयाचे, निवडलेल्यांचे की सर्वांचे, हा प्रश्न तेथेही कायम राहतो.

१९७५ मध्ये नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय अस्तित्वात आले. अनेक ठिकाणी ते माध्यमिक शाळेच्याच आवारात भरू लागले. दार जवळ आले, यात शंका नाही. २०११ मध्ये गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यावर विद्यापीठही अरण्याच्या आत आले. दार इतके जवळ आल्यावर जी अडचण उरली व ठळक झाली, ती भाषेची.

झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘श’च्या जागी ‘स’ येतो. डोळा हा डोरा होतो, पाणी हे पानी. ही व्यवस्था नियमित आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने १९०५ मधील सातव्या खंडात मराठीच्या बोलींची नोंद केली तेव्हापासून तरी विद्वानांस हे अपरिचित नाही. तरीही उत्तरपत्रिकेत तीच व्यवस्था ‘अशुद्ध’ म्हणून गुण घालविते. माडिया वा गोंडी बोलणाऱ्या मुलाची स्थिती याहून बिकट. त्याची भाषा द्राविडी कुळातील. तिच्यात नामांचे पुरुषवाचक व तदितर असे दोनच वर्ग आहेत, आणि मराठी त्याच्याकडून तो-ती-ते अशा तीन लिंगांची अपेक्षा करते. दगड तो आणि शिळा ती कां, याचे उत्तर मराठी घरातील मुलालाही देता येत नाही. फक्त त्यास ते विचारले जात नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लक्ष लोक आहेत व गडचिरोली जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण सुमारे एकोणचाळीस टक्के आहे. तेव्हा हा अपवादाचा विषय नव्हे. पुढे अकरावीत विज्ञान घेताच इंग्रजी माध्यम येते. म्हणजे ज्या मुलाने दहा वर्षांत एक परकी भाषा आत्मसात केली, त्याच्यापुढे दोन महिन्यांच्या सुटीनंतर दुसरी उभी राहते. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते, परंतु बहुतेक विज्ञानवर्गांतील दोन वर्षांचे अध्यापन इंग्रजीतूनच चालते.

हे अंतर शाळेबाहेरच्या तासांनीच भरून काढता येते, याचा पुरावा या प्रदेशातच आहे. हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प व १९७६ मध्ये त्याची निवासी शाळा सुरू झाली. माडिया घरांतील तिचे विद्यार्थी पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाले. अलीकडे पुण्यातील बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये उभारलेल्या ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या संस्थेने मेळघाटातील आदिवासी विद्यार्थ्यांची वैद्यकीय प्रवेशासाठी तयारी करून घेतली. यवतमाळ येथे २०१७ पासून वाढलेल्या ‘एकलव्य’ने घराण्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी निवासी कार्यशाळा घेऊन त्यांना देशातील नामांकित विद्यापीठांची वाट दाखविली. या प्रयत्नांतील सामाईक सूत्र जुनेच आहे: नुकताच आत गेलेला विद्यार्थी बाहेरच्यास हात देतो. कोल्हापूर-साताऱ्याच्या पंगतीशी त्यांचे नाते त्यांना ठाऊक असो वा नसो, ते आहे. उणीव दाखवावयाची तर ती ही, की प्रवेश परीक्षेच्या तयारीत जीवशास्त्र व भौतिकी यांना जितके तास मिळतात, त्यांच्या शतांशही भाषांतरास, म्हणजे घरच्या बोलीतून ग्रंथाच्या भाषेत जाण्यास मिळत नाहीत.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्या नावात ‘गोटूल’ हा शब्द आहे. गोटूल म्हणजे तरुणांनी संध्याकाळी एकत्र जमण्याचे व वडीलधाऱ्या मुलांकडून धाकट्यांनी रीतीभाती, गाणी व गावाचा व्यवहार शिकण्याचे घर. वसतिगृहांच्या कितीतरी आधीपासून ही संध्याकाळची शाळा अरण्यात भरत आली आहे. पुढे या शाळेस शिक्षणखात्याने अनधिकृत ठरविले आणि वाद मान्यतेचा झाला. तेथील मुले पहिल्या वर्षापासून गोंडीत वाचू-लिहू लागली. दहावीची परीक्षा त्यांनी कोणत्या भाषेत द्यावयाची, यास मंडळाच्या नियमांत गोंडी हे उत्तर नाही.