मत्स्यालयातील वाळूचा कप्पा

मत्स्यालयातील वाळूचा कप्पा म्हणजे तळ उकरणाऱ्या किंवा वाळूत अंग पुरून घेणाऱ्या माशांसाठी घरगुती मत्स्यालयाच्या तळावर बारीक, गुळगुळीत वाळूने भरलेला स्वतंत्र भाग होय. उर्वरित तळावर खडी, दगड किंवा पाणवनस्पती असू शकतात. उकरणे ही या माशांची खोड नसून अन्न शोधणे, लपणे किंवा प्रजनन यांसाठीची नैसर्गिक क्रिया आहे. जाड खडीच्या तळावर ती नीट करता येत नाही.

उकरणारे मासे

दक्षिण अमेरिकेतील कोरीडोरास हे लहान मार्जारमीन तोंडाजवळच्या मिशांनी तळ चाचपतात, तोंड वाळूत खुपसून अन्न घेतात आणि वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. तीक्ष्ण कडांची खडी व तळाशी साचलेली घाण यांमुळे त्यांच्या मिशांना इजा व जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्याच खंडातील जिओफेगस या प्रजातीचे नाव 'माती खाणारा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले असून हे मासे तोंडभर वाळू घेऊन तिच्यातील अन्नकण चाळून घेतात.

आग्नेय आशियातील कुहली लोच हा सडपातळ मासा दिवसा बहुधा लपून राहतो व मऊ वाळूत शिरतो. महाराष्ट्रातील नद्यांत आढळणारा वाम हा मासाही अंग वाळूत पुरून केवळ मुस्कट बाहेर ठेवतो. मात्र तो अर्ध्या मीटरहून बराच लांब वाढू शकत असल्याने लहान टाकीस योग्य नाही. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत राहणारे काही सिक्लिड मासे शंखाभोवतीची वाळू उकरून तो हवा तसा बसवतात.

वाळूची निवड

भूशास्त्रात सुमारे ०.०६ ते २ मिलिमीटर व्यासाच्या कणांना वाळू म्हणतात. मत्स्यालयासाठी साधारणतः अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाची, गोलसर कणांची वाळू सोयीची असते. याहून फार बारीक वाळू पाण्यात सहज उडते व घट्ट दबते. दगड दळून तयार केलेली बांधकामाची कृत्रिम वाळू टोकदार असल्याने टाळतात.

समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत मीठ आणि शंखशिंपल्यांचे तुकडे असतात. शिंपल्यांतील कॅल्शियम कार्बोनेट विरघळून पाण्याचा कठीणपणा व सामू वाढवते. टांगानिका सरोवरातील माशांना असे कठीण पाणी चालते. मृदू पाण्यातील माशांना ते मानवत नाही. चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकल्यास बुडबुडे आले, तर तिच्यात कार्बोनेट आहे असे समजते. महाराष्ट्रात वाळू हे गौण खनिज असून नदीपात्रातून ती विनापरवाना काढणे बेकायदेशीर आहे; त्यामुळे मत्स्यालयासाठी विकली जाणारी वाळू वापरणे इष्ट ठरते.

बहुतेक लहान माशांना ३ ते ५ सेंटिमीटर जाडीचा थर पुरतो. ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद टाकीच्या अर्ध्या तळावर ४ सेंटिमीटरचा थर देण्यासाठी ३.६ लिटर, म्हणजे सुमारे साडेपाच ते सहा किलोग्रॅम कोरडी वाळू लागते.

चालू मत्स्यालयात कप्पा तयार करणे

माशांच्या उत्सर्जनातून तयार होणारा अमोनिया विषारी असतो. गाळणीत व खडीच्या पृष्ठभागावर वाढलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सर्व खडी एकदम काढल्यास या जीवाणूंचा मोठा भाग नष्ट होऊन अमोनिया वाढू शकतो. म्हणून खडी काही दिवसांच्या अंतराने थोडीथोडी काढतात आणि त्या काळात गाळणीतील स्पंज धूत नाहीत.

वाळू बादलीत, पाणी नितळ होईपर्यंत अनेकदा धुतली जाते. खडीवर नुसती वाळू ओतल्यास ती फटींतून खाली जाते व खडी वर राहते. त्यामुळे आधी त्या भागातील खडी काढून चपट्या दगडांचा बांध घालतात. जड दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकवतात, अन्यथा माशांनी खालची वाळू उकरल्यावर ते कोसळून मासे चिरडण्याचा किंवा काच फुटण्याचा धोका असतो. तळाच्या काचेवर भार एकवटू नये म्हणून दगडाखाली पातळ प्लॅस्टिकची जाळी घालता येते.

वाळू भरताना गाळणी थोडा वेळ बंद ठेवून रुंद नळीतून वाळू हळूहळू तळाशी सोडतात. गढूळपणा खाली बसल्यावर गाळणी पुन्हा सुरू करतात. तिचे पाणी ओढणारे तोंड तळापासून उंच असावे लागते, कारण वाळूच्या कणांनी पंप झिजतो. खडीखाली बसवलेल्या जाळीच्या गाळणीवर वाळूचा थर देत नाहीत. वाळूने तिची छिद्रे बुजतात. पुढील दोन आठवडे अन्न बेताने देऊन अमोनिया व नायट्राइट यांची वारंवार चाचणी घेतात. प्रमाण वाढल्यास पाणी अंशतः बदलतात.

देखभाल

वाळूत विष्ठा व उरलेले अन्न आत न जाता पृष्ठभागावर साचते. साफसफाई करताना सायफनची नळी वाळूत न खुपसता पृष्ठभागाच्या किंचित वर धरतात. जाड व न हलणाऱ्या थरात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे काळे डाग पडून कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होऊ शकतो. मासे वरचा थर सतत उलथवत असल्याने हा धोका कमी होतो. ते पोहोचत नाहीत असे कोपरे नियमितपणे अलगद ढवळले जातात. मुळे धरलेल्या वनस्पती उकरल्या जाऊ नयेत म्हणून त्या कप्प्याबाहेर किंवा कुंडीत लावतात.