पहिली शर्यत माणसाशी

कुठल्या कंपायलरचा प्रोग्रॅम जास्त पळतो, यावर आम्हा प्रोग्रॅमर मंडळींचे वाद कधी संपत नाहीत. जीसीसी की क्लँग, सी की फोरट्रान... पण गंमत अशी, की या शर्यतीत पहिला प्रतिस्पर्धी होता हाताने मशीनच्या भाषेत लिहिणारा माणूस!

१९५४ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्याचे सहकारी फोरट्रानच्या मागे लागले. सहा महिन्यांचं वाटलेलं काम एप्रिल १९५७ पर्यंत चाललं. भाषेची त्यांना फारशी चिंता नव्हती. धास्ती होती ती वेगळीच: आपला प्रोग्रॅम हाताने लिहिलेल्याच्या निम्म्याच वेगाने चालला, तर वापरणार कोण? म्हणून ७०४ या यंत्रातले तीन इंडेक्स रजिस्टर्स कसे पुरवायचे, कुठला भाग किती वेळा चालेल, याचा हिशोब कंपायलरच आधी करायचा. कधीकधी तो अशी युक्ती काढायचा, की बनवणाऱ्यांनाच ती चूक वाटायची. तपासलं की कळायचं, बरोबर आहे!

आज कंपायलरने काय लिहिलंय ते मी क्वचितच उघडून बघतो. हा निर्धास्तपणा मला फुकट मिळालाय. त्याची किंमत त्या मंडळींनी तीन वर्षं मोजली.