सर्व्हरवरची निंदणी

कोल्हापूरच्या कुठल्याही सरकारी कचेरीत कागदाचं आयुष्य त्याच्या वर्गावरून ठरतं. ‘अ’ वर्गातला कागद कायम राहतो, ‘ब’ 30 वर्षं, ‘क’ 10 किंवा 5 वर्षं, तर ‘ड’ जेमतेम वर्षभर. मुदत भरली की निंदणी होते. यादी निघते, सही होते, मग कागद नष्ट करतात. हेच काम रोज रात्री, कुणाच्याही सहीविना करण्याची गरज यूजनेटला पडली.

1979 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना यूजनेट सुचलं. विषयवार न्यूजग्रुप, आणि एका संगणकावर लिहिलेला लेख फोनलाइनवरून शेजारच्या संगणकावर, तिथून पुढच्या, असा पसरत जाणार. लेखाची अख्खी प्रत प्रत्येक ठिकाणी साठायची. दिवसाला मोजकेच लेख येतील हा सुरुवातीचा अंदाज लवकरच कोलमडला. 1981 मध्ये बर्कलीत मार्क हॉर्टन आणि शाळकरी मॅट ग्लिकमन यांनी बी-न्यूज हे यूजनेट चालवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. त्यात ‘एक्स्पायर’ नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. रात्री वर्दळ कमी असताना तो आपोआप सुरू व्हायचा आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा जुने लेख डिस्कवरून काढून टाकायचा.

लेखकालाही मुदत घालता येई. यूजनेटच्या 1983 च्या नियमावलीत त्यासाठी खास ओळ आहे. एखाद्या व्याख्यानाची सूचना व्याख्यान झाल्यावर कशाला ठेवायची?

पण खरी हुशारी पुसण्यात नव्हती. एकच लेख चार वाटांनी येत असे. आज काढलेला लेख उद्या रेंगाळत दुसऱ्या वाटेने आला, तर सर्व्हर त्याला नवा समजून पुन्हा सगळीकडे धाडणार. म्हणून लेख गेला तरी त्याचा ओळखक्रमांक ‘हिस्टरी’ फाइलीत आणखी काही दिवस जपला जाई. काय विसरलो एवढं लक्षात ठेवल्याशिवाय विसरणं जमत नव्हतं. या तंत्रातली मला सर्वात देखणी वाटणारी गोष्ट हीच.

टोरोंटो विद्यापीठाच्या हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी 1987 मध्ये बी-न्यूजच्या पुढचं सी-न्यूज मांडलं. कुठल्या ग्रुपचे लेख किती दिवस ठेवायचे आणि कुठले पुसण्याआधी बाजूला काढायचे, हे आता एका फाइलीत लिहून देता येऊ लागलं. हेच स्पेन्सर प्राणिशास्त्र विभागात 1981 पासून दहा वर्षं आलेले लेख चुंबकीय फितींवर उतरवून ठेवत होते. 141 फिती, वीस लाखांहून जास्त लेख! कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातली मोडी दप्तरं आज अभ्यासकांना मिळतात, तीही कुणीतरी ती वेळेवर ‘कायम’च्या बाजूला ठेवली म्हणूनच. स्पेन्सर यांना तर तसा कुणाचा हुकूमही नव्हता.

पुढे रिच सॉल्झ यांचं आयएनएन हे सॉफ्टवेअर आलं. त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत ठरावीक आकाराच्या साठ्यात नवा लेख सर्वात जुन्यावरच लिहिण्याची सोय झाली.

परदेशातल्या मराठी मंडळींचाही ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा ग्रुप होता. त्यावरच्या गप्पाही सर्व्हरवरून अशाच गळून जायच्या. 1995 मध्ये डेजा न्यूज या सेवेने यूजनेटवरचे लेख साठवून शोधता येतील अशी सोय केली. 2001 मध्ये तो साठा गूगलने घेतला आणि त्याच वर्षी स्पेन्सर यांच्या फितींवरचे लेखही त्यात आले. 22 फेब्रुवारी 2024 पासून गूगलने यूजनेटचे नवे लेख घेणं थांबवलं. जुना साठा मात्र अजून चाळता येतो.